बोस्टनचा चहा आणि ग्वाल्हेरचा किल्ला

मागच्या अंकात सालबाईच्या तहावर लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की मराठ्यांचं इंग्रजांशी पहिलं युद्ध चालू होतं नेमकी त्याच वर्षांत अमेरिकेतल्या तेरा वसाहतीही त्याच इंग्रजांशी लढत होत्या. बस, एवढंच. त्या एका वाक्यावर इतके मेल नि पत्रं आली की तहाचं राहिलं बाजूला, सगळ्यांना अमेरिकाच हवी. मला फार बरं वाटलं खरं सांगते, हा विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. शाळेत आपण बोस्टनचा चहा एका धड्यात शिकतो आणि नारायणराव पेशव्यांचा खून दुसऱ्या धड्यात, दोन्ही गोष्टी १७७३ च्या, ऑगस्टच्या ३० तारखेला शनिवारवाडा आणि डिसेंबरच्या १६ ला बोस्टन, पण दोन्ही शेजारी शेजारी ठेवून कधी कुणी दाखवत नाही. म्हणून या वेळचं अख्खं सदर याच प्रश्नांना दिलंय.

प्रश्न : बोस्टनला समुद्रात फेकलेला चहा आपल्या आसामचा होता असा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर फिरतोय. खरं आहे का?
(अकरावीची विद्यार्थिनी, लष्कर, ग्वाल्हेर)

नाही बाळा, तो चहा चीनचा. आसामात चहाचे मळे लागले १८३० च्या पुढे, म्हणजे या प्रकरणानंतर साठेक वर्षांनी. बोस्टनच्या पेट्यांत बोही, काँगू, सूचाँग, सिंग्लो, हायसन असे प्रकार होते, सगळे कँटन बंदरातून आलेले, त्यात सर्वात जास्त बोही म्हणजे काळा आणि स्वस्तातला. कँटनहून लंडन आणि लंडनहून बोस्टन असा त्याचा प्रवास.

पण मेसेज चुकीचा असला तरी आपला संबंध नाही असं समजू नकोस. संबंध आहे, तो चहाच्या पानाशी नाही, चहाच्या मालकाशी आहे. मालक होती ईस्ट इंडिया कंपनी. तीच, सुरतेची, मुंबईची, प्लासीची. १७६५ साली तिला बादशहाकडून बंगालची दिवाणी मिळाली म्हणजे बंगाल-बिहारचा सारा वसूल करायचा हक्क मिळाला, आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटने अमेरिकेवर स्टॅम्प टॅक्स बसवला. ही जोडी लक्षात ठेव. मग १७६९-७० ला बंगालात पाऊस गेला, भयंकर दुष्काळ पडला. कंपनीचा बंगालातला गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्जने स्वतः १७७२ मध्ये लंडनला लिहून कळवलंय की प्रांतातली निदान तिसरा हिस्सा माणसं मेली, आणि त्याच पत्रात हेही कळवलंय की १७७१ ची वसुली दुष्काळाच्या आधीच्या १७६८ पेक्षासुद्धा जास्त झाली. कशी झाली तर नजाय नावाची एक पट्टी होती, शेजारी मेला किंवा पळून गेला तर त्याचा सारा उरलेल्यांनी भरायचा. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं, पुढे वाचवेना.

एवढं पिळूनही कंपनीची तिजोरी रिकामीच, कारण फौजेचा खर्च, नोकरांची खासगी लूट आणि भागधारकांना वाढवून दिलेला डिव्हिडंड. १७७२ मध्ये लंडनच्या बँका बुडायला लागल्या तशी कंपनी सरकारच्या दारात येऊन उभी राहिली, गोडाऊनमध्ये सुमारे १ कोटी ७० लाख पौंड वजनाचा चहा नुसता पडून होता. सरकारने तिला १४ लाख पौंडांचं लोन दिलं, बदल्यात रेग्युलेटिंग अॅक्ट आणून तिच्या कारभारात हात घातला (हा तुमच्या अभ्यासक्रमात आहेच), आणि तो चहा खपावा म्हणून मे १७७३ मध्ये टी अॅक्ट केला, की कंपनीने इंग्लंडातली ड्यूटी न भरता चहा सरळ अमेरिकेत नेऊन विकावा.

तो चहा घेऊन निघालेल्यांतली तीन जहाजं बोस्टनच्या धक्क्याला लागली, डार्टमाउथ, एलिनॉर आणि बीव्हर. नियम असा की वीस दिवसांत ड्यूटी भरली नाही तर कस्टमवाले माल जप्त करणार, म्हणजे कसंही करून चहा उतरणारच. डार्टमाउथचे वीस दिवस १७ डिसेंबरला भरत होते म्हणून १६ ची रात्र. शंभराच्या वर माणसं, तोंडाला काजळी फासलेली, काहींनी मोहॉक आदिवासींसारखी घोंगडी पांघरलेली, तीन तास कुऱ्हाडीने पेट्या फोडत होती, ३४२ पेट्या, सुमारे ९२ हजार पौंड वजन म्हणजे आजच्या हिशोबाने ४० टनांच्या वर. ओहोटी होती त्यामुळे चहा वाहून जाईना, जहाजांच्या कडेला गवताच्या गंजीसारखा साचला आणि पोरांना उतरून तो पाण्यात ढकलावा लागला. चहा सोडून दुसऱ्या कशालाही हात लावला नाही, एक कुलूप तुटलं होतं ते नंतर नवीन आणून दिलं.

आता खरी गोष्ट ऐक, माझ्या मते या सगळ्यात हीच सगळ्यात मोठी आहे. या रात्रीच्या तीनच आठवडे आधी, २७ नोव्हेंबरला, पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सन या वकिलाने एक पत्रक लिहिलं होतं. त्यात तो लोकांना सांगतो की या कंपनीने आशियात काय केलं ते बघा, एका वर्षात १५ लाख माणसं उपाशी मेली म्हणतात, जमिनीने पिकवलं नाही म्हणून नाही तर कंपनीने नि तिच्या नोकरांनी धान्य अडवून भाव इतके चढवले की गरिबाला घेताच येईना, आणि आता यांची नजर आपल्याकडे वळलीय. म्हणजे बंगालातली ती मेलेली माणसं फिलाडेल्फियापर्यंत पोचली होती. ग्रुपवर हे टाक.

प्रश्न : टी अॅक्टमुळे चहा स्वस्त झाला होता असं वाचलं. माल स्वस्त मिळतोय तर गिऱ्हाइकाने भांडायचं कशाला? स्वातंत्र्यासाठी दुसरं निमित्त मिळालं नाही का त्यांना?
(किराणा व्यापारी, इंदूर)

तुम्ही स्वतः दुकानदार आहात म्हणून तुम्हाला हे लगेच पटेल. समजा उद्या एका मोठ्या कंपनीने सरकारला हाताशी धरून कायदा करून घेतला की तुमच्या गावात अमुक माल फक्त तिचाच येणार, मधले होलसेलवाले सगळे बाद, आणि एजन्सी फक्त चार-पाच घरांना, तीही गव्हर्नरच्या सोयऱ्याधायऱ्यांना. पहिल्या वर्षी माल स्वस्त मिळेल हो. पण तुमचं दुकान? बोस्टनमध्ये हेच झालं, एजंट म्हणून ज्यांना नेमलं त्यात गव्हर्नर हचिन्सनची स्वतःची मुलं होती. शिवाय तिथे डच चहाचा चोरटा व्यापार जोरात होता, त्या लोकांचाही धंदा बसणार होता, हे लपवायचं कारण नाही, पुढाऱ्यांतले काही जण त्याच धंद्यातले होते.

दुसरा मुद्दा टॅक्सचा. इंग्लंडातली ड्यूटी माफ केली पण अमेरिकेतली पौंडामागे ३ पेन्सची ड्यूटी मुद्दाम ठेवली, ती १७६७ पासूनची होती. रक्कम किरकोळच. पण स्वस्त चहा पिताना ते ३ पेन्स भरले की पार्लमेंटला आपल्यावर टॅक्स लावायचा हक्क आहे हे आपण कबूल केलं, असा त्याचा अर्थ होत होता. आणि पार्लमेंटमध्ये त्यांचा एकही माणूस नाही. व्हर्जिनियात स्वतःची निवडलेली सभा १६१९ पासून होती, बाकीच्या वसाहतींतही होत्या, कर काय लावायचा ते या सभा ठरवायच्या, दीडशे वर्षांची सवय ती, आणि आता लंडनवाले मधेच येऊन म्हणतात आम्ही ठरवणार.

लंडनची बाजूही सांगते, कारण ती ऐकल्याशिवाय हे भांडण नीट कळत नाही. १७५६ ते १७६३ च्या सात वर्षांच्या युद्धात इंग्लंडचं कर्ज जवळजवळ दुप्पट होऊन १३ कोटी पौंडांच्या घरात गेलं होतं, ते युद्ध कॅनडातही झालं नि आपल्याकडेही. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला आणि लगेच दुसऱ्या दिवशी फ्रेंचांचं पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडलं. आपलं सगळं लक्ष पानिपतावर असतं आणि ते साहजिक आहे, माझंही असतं, पण त्या एका आठवड्यात मराठेही मागे सरले नि फ्रेंचही, मैदान कोणाला मोकळं झालं ते पुढे दिसलंच. तर हे कर्ज फेडायला अमेरिकेने हातभार लावावा असं लंडनला वाटत होतं आणि त्यातून एकेक टॅक्स निघत गेला.

प्रश्न : राघोबादादांचं भांडण घरातलं, गादीचं. त्याला अमेरिकेच्या क्रांतीशी जोडणं म्हणजे ओढून ताणून नाही का? आणि यात आमच्या बडोद्याचं काय?
(वाचक, दांडिया बाजार, वडोदरा)

सुरुवात घरातलीच होती, हे तुमचं अगदी बरोबर. राघोबादादा मुंबईच्या इंग्रजांकडे गेले, मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला, इंग्रजांना साष्टी नि वसई हवी होती. यात अमेरिकेचा काही संबंध नाही. पण तारखा बघा नुसत्या. सुरतेचा तह मार्चमध्ये, एप्रिलच्या १९ ला तिकडे लेक्सिंग्टनला पहिली गोळी सुटली, मे महिन्यात आणंदजवळ अडासची लढाई, जूनमध्ये तिकडे बंकर हिलची लढाई. १ मार्च १७७६ ला पुरंदरचा तह, ४ जुलैला त्यांचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा. इथवर नुसता योगायोग म्हणा, माझी हरकत नाही.

पण १७७८ पासून तसं म्हणता येत नाही. ऑक्टोबर १७७७ ला अमेरिकेत साराटोगाला इंग्रजांची एक अख्खी फौज शरण गेली, ते बघून फ्रान्सला धीर आला आणि फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सने अमेरिकेशी उघड करार केला. आता इंग्रज नि फ्रेंच यांचं युद्ध म्हणजे ते जिथे जिथे समोरासमोर तिथे तिथे पेटणार. जुलैमध्ये बातमी कलकत्त्याला पोचली तसं इंग्रजांनी लगेच फ्रेंचांचं चंद्रनगर घेतलं, ऑक्टोबरमध्ये पाँडिचेरी घेतलं. आणि पुण्यात तर १७७७ पासून सेंट लुबिन नावाचा फ्रेंच माणूस नाना फडणीसांच्या दरबारी बसलेला, त्याला बंदर देतो, फ्रेंच फौज येते, अशा वावड्या. कलकत्त्यात हेस्टिंग्जच्या पोटात गोळा आला. त्याने बंगालची फौज काल्पीहून थेट जमिनीवरून पश्चिमेला धाडली, जी पुढे गॉडर्डच्या हाताखाली बऱ्हाणपूरवरून सुरतेला आली. मुंबईकरांनी तिची वाट न बघता घाई केली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला महादजी शिंद्यांनी त्यांना कोंडून नाक घासायला लावलं ते सगळ्यांना माहीत आहेच.

बडोदा इथे येतं. गॉडर्डने जानेवारी १७८० मध्ये डभोई घेतली आणि २६ तारखेला फत्तेसिंहराव गायकवाडांशी करार केला, की मही नदीच्या उत्तरेचा पेशव्यांचा मुलूख गायकवाडांना. लगेच फेब्रुवारीत अहमदाबाद घेऊन त्यांच्या ताब्यात दिलं. फत्तेसिंहरावांना दोष देणारे बरेच आहेत, मला तो देववत नाही, एकीकडे पुणे खंडणीसाठी मानगुटीवर आणि दारात इंग्रजांची तोफ, अशात माणूस काय करणार. सालबाईत ते सगळं परत जुन्यासारखं झालं.

आणि आता आमचं ग्वाल्हेर, इथे जरा थांबू द्या. महादजी गुजरातेत गुंतलेले, त्यांना मागे खेचायला हेस्टिंग्जने ग्वाल्हेरशेजारच्या गोहदच्या राण्याशी दोस्ती करून कॅप्टन पॉपहॅमला इकडे पाठवलं, फौज अडीच हजाराच्या आतच. किल्ला तेव्हा शिंद्यांचा, आणि तो कुणाला घेता येत नाही अशी त्याची ख्याती. राण्याकडचे काही हेर रात्री चोरवाटेने किल्ल्यावर चढून जायचे, त्यांनी जागा दाखवली. ३ ऑगस्ट १७८० ची रात्र, पावसाळ्याचे दिवस. शिपायांच्या पायांत कापूस भरलेले कापडी जोडे, दगडावर आवाज होऊ नये म्हणून. पहाटेच्या सुमारास कड्याशी पोचले तर वर गस्तीचे दिवे हलताना दिसतात, पहारेकऱ्यांचा खोकला खाली ऐकू येतोय. थांबले. दिवे पुढे गेले. आधी हेर लाकडी शिडीने चढले, वर दोराच्या शिड्या बांधल्या. पहिला कडा १६ फुटांचा, मग चाळीसेक यार्ड तिरपी निसरडी चढण, मग ३० फूट भिंत. कॅप्टन ब्रूस आणि वीस शिपाई आत उतरले तोवर कुणाला पत्ता नाही, आणि तेवढ्यात त्यातल्या काहींनी शेजारी झोपलेल्या माणसांवर गोळी झाडली म्हणून गलका झाला. तोपर्यंत मागचे चढून आले होते. सकाळी किल्ला गेला.

लहानपणी बाबा मला उरवाई गेटकडून किल्ल्यावर न्यायचे, खालून वर बघितलं की मान दुखायची, आणि बाबा नेहमी तिथेच थांबून म्हणायचे, खोकला ऐकू आला म्हणजे किती जवळ असतील विचार कर. ते वाक्य आजही तिथून जाताना डोक्यात येतं. वर चढले ते शिपाईही इथलेच होते, हिंदुस्थानी, याचंही वाईट वाटत राहतं.

मग युद्ध थांबलं ते कशामुळे? इंग्रजांना सगळीकडे एकदम लढायचं होतं. सप्टेंबर १७८० मध्ये दक्षिणेत पोलिलूरला हैदर नि टिपूने कर्नल बेलीची फौज मोडली, महादजींशी शिपरी-सिरोंजकडे झुंज चालूच, ऑक्टोबर १७८१ ला अमेरिकेत यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस शरण गेला, फ्रेंच आरमार हिंदी महासागरात आलेलं, कंपनीची तिजोरी पुन्हा रिकामी. १७ मे १७८२ ला ग्वाल्हेरच्या दक्षिणेला सालबाई गावी तह झाला, कंपनीकडून डेव्हिड अँडरसन आणि मधे महादजी. वसई परत, साष्टी इंग्रजांकडे, राघोबांना महिना २५ हजार. आणि एक कलम आहे ते वाचताना लोक पटकन पुढे जातात, की पेशव्यांनी पोर्तुगीज सोडून दुसऱ्या कुठल्या युरोपियनाला आपल्या मुलखात वखार घालू द्यायची नाही. ते कलम फ्रेंचांसाठी होतं. साराटोगाची भीती सालबाईच्या कागदावर उतरलीय ती अशी, म्हणून मी जोडते.

प्रश्न : अमेरिकेत हरलेला कॉर्नवॉलिस आणि आपल्याकडचा कायमधाऱ्याचा कॉर्नवॉलिस एकच का? हरलेल्या माणसाला एवढं मोठं पद कसं दिलं?
(निवृत्त शिक्षक, नई सडक, ग्वाल्हेर)

एकच, सर. यॉर्कटाउनला सात हजारांच्या वर माणसं घेऊन शरण गेला, समोर वॉशिंग्टन, पाठीशी समुद्र आणि समुद्रात फ्रेंच आरमार. शरणागतीच्या दिवशी तब्येत बरी नाही म्हणून स्वतः गेलाच नाही, हाताखालच्या ओहाराच्या हाती तलवार पाठवली. पण लंडनमध्ये दोष त्याच्यावर फारसा आला नाही, वरिष्ठांवर आला, आणि १७८६ मध्ये तो गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला उतरला. १७९२ ला श्रीरंगपट्टणला टिपूला अर्धं राज्य सोडायला लावलं, त्या मोहिमेत त्याच्या बाजूला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन होते, म्हणजे दहा वर्षांपूर्वी अमेरिकेत हरलेला सेनापती आणि मराठ्यांची फौज एका छावणीत. १७९३ चा कायमधारा, म्हणजे बंगालातला जमिनीचा सारा कायमचा ठरवून टाकणं, तुम्ही वर्षानुवर्षं शिकवलाच असेल.

ग्वाल्हेरकरांना त्याचं शेवटचं प्रकरण माहीत असायला हवं. १८०५ मध्ये म्हातारपणी त्याला परत पाठवलं, कारण शिंदे-होळकरांशी चाललेल्या युद्धाने कंपनी कर्जात बुडाली होती नि लंडनला ते मिटवायचं होतं. ग्वाल्हेर नि गोहद शिंद्यांना परत देऊन टाकायचं हे धोरण त्याचं. ते पुरं व्हायच्या आत ५ ऑक्टोबरला गाझीपूरला तो वारला, तिथेच त्याची कबर आहे, आणि नोव्हेंबरमध्ये मुस्तफापूरच्या तहाने किल्ला दौलतराव शिंद्यांकडे आला.

प्रश्न : अमेरिकेचा झेंडा ईस्ट इंडिया कंपनीच्या झेंड्यावरून घेतला हे खरं का?
(वाचक, इंदूर)

दोन्ही झेंडे दिसायला सारखे होते हे नक्की. १७७५ च्या डिसेंबरात अमेरिकनांनी जहाजावर जो पहिला झेंडा लावला त्यात तेरा लाल-पांढरे पट्टे आणि कोपऱ्यात ब्रिटिश निशाण होतं, कंपनीच्या झेंड्यावरही पट्टे नि कोपऱ्यात तेच निशाण. चांदण्या आल्या १४ जून १७७७ च्या ठरावाने. सारखेपणाच्या पुढे जाऊन एकावरून दुसरा घेतला असं मी म्हणणार नाही.

प्रश्न : माझा नातू व्हर्जिनियात सातवीत आहे. तो मला फोनवर सांगतो की सगळी माणसं समान आहेत असं लिहिणारा जेफरसन गुलाम ठेवायचा, मग आजी हे खोटंच होतं ना सगळं? मी त्याला काय सांगू?
(एक आजी, इंदूर)

आजी, पहिलं म्हणजे नातवाला माझी शाबासकी द्या. तो म्हणतो ते खरं आहे. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसनने आयुष्यभरात सहाशेच्या वर माणसं गुलाम म्हणून बाळगली. १७७६ मध्ये तेरा वसाहतींत पंचवीसेक लाख लोक होते, त्यातला साधारण दर पाचवा माणूस गुलाम. त्याच्याच व्हर्जिनियात १६१९ मध्ये, जेम्सटाउन वसून बारा वर्षं झाली होती तेव्हा, वीसेक आफ्रिकन माणसं पहिल्यांदा जहाजातून उतरवली गेली, आणि त्याच वर्षी जेम्सटाउनमध्ये ती निवडलेली सभा भरली जिचा वर उल्लेख केला. १७७५ मध्ये इंग्रज गव्हर्नर डनमोरने जाहीर केलं की बंडखोरांचे गुलाम आमच्या बाजूने लढले तर मोकळे, तर शेकडो लोक मळे सोडून त्याच्याकडे पळाले, त्यांच्या दृष्टीने स्वातंत्र्य त्या बाजूला होतं. आदिवासींचं तर विचारू नका. १७७९ मध्ये वॉशिंग्टनच्या हुकमाने सलिव्हनची फौज इरोक्वा लोकांच्या मुलखात घुसली, चाळीसच्या वर गावं जाळली, उभा मका नि फळबागा तोडल्या, आणि युद्ध संपवणाऱ्या १७८३ च्या पॅरिसच्या तहात त्यांची जमीन देऊन टाकली तेव्हा त्यांचं नावसुद्धा काढलं नाही.

पण त्याला एक बाई सांगा. मॅसॅच्युसेट्समध्ये शेफील्ड गावी बेट नावाची एक गुलाम बाई होती, लिहिता वाचता येत नव्हतं. मालकिणीने एकदा रागाने तापलेलं फावडं उगारलं, दुसऱ्या मुलीला लागू नये म्हणून बेटने आपला हात मधे घातला, तो भाजला, नि ती जखम तिने कधी झाकली नाही, लोकांनी विचारलं की म्हणायची मालकिणीला विचारा. १७८० मध्ये त्या राज्याची नवी घटना झाली, त्यात लिहिलेलं की सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र नि समान आहेत. हे तिने वाचलं नाही, ऐकलं. ऐकून वकिलाकडे गेली, सेज्विक नाव त्याचं, आणि म्हणाली हा कायदा मला लागू नाही का? ऑगस्ट १७८१ मध्ये ज्युरीने तिच्या बाजूने निकाल दिला, तिने एलिझाबेथ फ्रीमन नाव घेतलं. आपल्याकडे तेव्हा महेश्वरात अहिल्याबाई फिर्यादी ऐकत होत्या, तुम्ही इंदूरच्या, तुमच्या नातवाला हे साल सांगायला सोपं जाईल. जेफरसनने लिहिलेलं किती खरं याचं उत्तर जेफरसनकडे मागण्यापेक्षा बेटकडे मागावं असं मला वाटतं.

प्रश्न : येल युनिव्हर्सिटीच्या नावामागे मद्रासचा पैसा आहे असं मुलगी म्हणते. त्यात मराठ्यांचा काही संबंध?
(वाचक, वडोदरा)

आहे, आणि फार कमी लोकांना माहीत आहे. एलायहू येल जन्मला बोस्टनला, १६४९ मध्ये, लहानपणीच घरच्यांबरोबर इंग्लंडला गेला, मग कंपनीत नोकरी लागून मद्रासला. १६८७ ते १६९२ तो तिथला गव्हर्नर होता. पैसा कसा जमवला तर हिऱ्यांचा नि इतर खासगी व्यापार, मद्रासहून गुलाम पाठवायचा धंदाही त्याच्या काळात चालला, शेवटी भ्रष्टाचाराच्या आरोपांतच खुर्ची गेली. १७१८ मध्ये कनेटिकटच्या एका गरीब कॉलेजला त्याने नऊ गठ्ठे माल, ४१७ पुस्तकं आणि राजाचं एक चित्र पाठवलं, माल विकून ५६२ पौंड आले, कॉलेजने त्याचं नाव घेतलं.

मराठ्यांचा संबंध असा. १६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या वधानंतर राजाराम महाराज रायगडाहून निसटून जिंजीला पोचले, मोगल मागावर, पैशाची चणचण पराकोटीची. १६९० मध्ये त्यांच्याकडून येलने कडलूरजवळचा देवनापट्टणचा किल्ला कंपनीसाठी विकत घेतला, इंग्रजांनी त्याचं नाव ठेवलं फोर्ट सेंट डेव्हिड. व्यवहारात ठरलं असं की किल्ल्यावरून तोफ डागायची आणि चारी बाजूंना गोळा जिथे पडेल तिथपर्यंतची गावं इंग्रजांची. येलने मद्रासहून चांगली लांब मारा करणारी पितळी तोफ नि कसलेला गोलंदाज पाठवला. गोळे पडले, गावं गेली, आणि तमिळमध्ये त्या गावांना पुढे कित्येक वर्षं गुंडू ग्रामम म्हणजे गोळ्याची गावं असंच म्हणत.

त्याच कडलूरला जून १७८३ मध्ये अमेरिकेच्या युद्धातली शेवटची मोठी लढाई झाली. १३ तारखेला इंग्रजांनी बुसीच्या फ्रेंच फौजेवर हल्ला केला, एका दिवसात इंग्रजांकडचीच हजाराच्या आसपास माणसं पडली, २० तारखेला समोरच्या समुद्रात सफ्रेनचं फ्रेंच आरमार लढलं. महिनाअखेरीला पांढरं निशाण लावून एक इंग्रज जहाज आलं, तहाची बातमी घेऊन. फ्रान्स नि इंग्लंडने युरोपात सही केली होती २० जानेवारीलाच.